ट्यूनिंगनंतर आयडलला थरथरणारी जुनी मारुती ८००: दोष कुठे शोधायचा आणि कोणत्या क्रमाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९४ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. अ‍ॅव्हरेज कमी मिळतं म्हणून ट्यूनिंग करून घेतलं: तिन्ही प्लग, पॉइंट (करंट तोडून ठिणगी पाडणारा स्विच), कंडेन्सर (पॉइंटला जळण्यापासून वाचवणारा) आणि एअर फिल्टर नवे, कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) उघडून साफ, टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) सेट. आता इंजिन गरम झालं की सिग्नलला गाडी थरथरते, कधी बंद पडते. ५०-६० च्या वेगात काहीच तक्रार नाही. गॅरेजवाल्याने स्लो (आयडलचा वेग) वाढवून दिला, त्याने बंद पडणं थांबलं पण थरथर राहिली, आणि आता मिक्स्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) स्क्रू आत-बाहेर कसाही फिरवला तरी इंजिनवर परिणाम होत नाही.

स्क्रूचा परिणाम होत नाही, ही या वर्णनातली सगळ्यात कामाची माहिती आहे. तिच्याकडे येऊच. तोवर कार्ब्युरेटरच्या एकाही स्क्रूला हात लावू नका.

ट्यूनिंगच्या आधी गाडी नीट उभी राहत होती. म्हणजे रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह जळाले वगैरे म्हातारपणाचे आजार शेवटी बघायचे. दोष बहुधा तिथेच आहे जिथे हात फिरला. आणि वेगात गाडी चांगली चालते, यामुळे यादी आणखी आखडते. कमजोर कॉइल, पेट्रोल पंप, तुंबलेला फिल्टर, मेन जेट यांचं दुखणं आधी चढावर आणि ओव्हरटेक करताना दिसतं. फक्त आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) त्रास देणाऱ्या गोष्टी मोजक्या: कुठूनतरी आत शिरणारी जादा हवा, कार्ब्युरेटरचं स्लो सर्किट (आयडलला पेट्रोल देणारी वाट), घट्ट बसवलेला टॅपेट, चुकीचा पॉइंट गॅप किंवा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), आणि एखादा लंगडा प्लग.

या गाडीबद्दल एक गोष्ट मनात पक्की हवी. इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं आहे. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक स्फोट होतो, इथे दर २४० अंशांना. त्यामुळे चार सिलिंडरच्या पद्मिनीतून उतरून मारुतीत बसणाऱ्याला ती आयडलला थोडी हलणारच. तेवढी थरथर दोष नाही. पण एक सिलिंडर बंद पडलं की एक तृतीयांश ताकद जाते, आणि ती लपत नाही: स्टिअरिंग, आरसा, गिअरचा दांडा सगळं हलतं. आवाज समान ठेक्यात आहे, सायलेन्सरमधून धाप एकसारखी येतेय आणि तरीही बॉडी हलतेय, तर इंजिन माउंटिंगची रबरं बघा. ट्यूनिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या असतील का, हा पहिला संशय बहुतेकांना येतो. फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, एक नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूचा. तीन सिलिंडरमध्ये दोन वायरी अदलाबदल झाल्या तर दोन सिलिंडर भलत्या वेळी पेटतात आणि उरलेल्या एकावर गाडी धड सुरूसुद्धा होत नाही, कार्ब्युरेटरमधून फटाके येतात. तिन्ही एकेक घर सरकल्या तर अजिबातच सुरू होत नाही. तुमची गाडी ६० ने पळते, म्हणजे वायरींचा क्रम बरोबर आहे. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर असती (१-३-४-२) तर दोन सिलिंडरवर रडतखडत चालली असती, तिथे हा संशय धरून ठेवावा लागतो.

एकच सिलिंडर की तिन्ही?

यापुढचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे. इंजिन पूर्ण गरम करा, आयडलला ठेवा आणि रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची कॅप दोन-तीन सेकंद काढून परत बसवा. काढलेली कॅप हवेत लोंबकळत ठेवू नका. जुना प्लग तिच्यात खोचून त्याचा धातू इंजिनला टेकवा, नाहीतर करंट डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅपच्या किंवा आत फिरणाऱ्या रोटरच्या बेकलाइटमधून वाट काढतो आणि नवा दोष तयार होतो. चांगल्या सिलिंडरची कॅप काढली की इंजिन खाली बसतं, बंद पडायला येतं. ज्याची कॅप काढून काही फरक पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तशी गाडी असेल तर ही चाचणी झटपट उरका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून लाल होतो.

एकच सिलिंडर मेलेलं निघालं तर प्लग, त्याची वायर, त्याचा टॅपेट, किंवा त्याच सिलिंडरच्या मॅनिफोल्डचं (मिश्रण आत नेणाऱ्या नळीचं) पॅकिंग. तिन्ही सारखेच दुबळे निघाले तर पॉइंट, टायमिंग, कार्ब्युरेटर किंवा सगळ्यांना मिळून लागणारी हवेची गळती.

दुसरी स्वस्त चाचणी पीयूसी केंद्रावर होते, आणि तिचा उपयोग फार थोडे लोक करतात. चार गॅसचं यंत्र तिथे असतंच; आयडलचे आकडे वाचून घ्या. भारत स्टेज-२ या प्रदूषण नियमांच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम. पास-नापास सोडा, दोन आकड्यांची जोडी बघा. कार्बन मोनॉक्साइड चार-पाच टक्के आणि हायड्रोकार्बनही चढलेलं असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि हायड्रोकार्बन दीड-दोन हजारांत नाचतंय, तर मिश्रण इतकं पातळ की अधूनमधून पेटतच नाही. तिथे हवेची गळती शोधा. कार्बन मोनॉक्साइड दीड-दोन टक्के, म्हणजे ठीक, पण हायड्रोकार्बन प्रचंड, तर पेट्रोल बरोबर येतंय आणि एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडत नाही. फक्त प्रोब सायलेन्सरमध्ये पूर्ण आत गेलाय आणि सायलेन्सरला मध्ये भोक नाही, एवढं बघून घ्या. भोकातून बाहेरची हवा मिसळली की आकडे खोटे येतात.

प्लग आणि पॉइंट

नवा प्लग म्हणजे चांगला प्लग, ही समजूत सोडा. डब्यातून काढलेल्या प्लगचा गॅप तुमच्या गाडीसाठी लावलेला असतो असं नाही. पॉइंटवाल्या मारुतीला ०.७ ते ०.८ मिमी लागतो. ०.५ वर राहिलेला प्लग वेगात चालतो पण आयडलच्या पातळ, हळू मिश्रणाला पेटवायला त्याची ठिणगी तोकडी पडते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीचा १ मिमीच्या वरचा गॅप पॉइंटवर लावला तर कॉइलवर ताण येतो. तारेचा गेज वापरा, पट्टीचा नको.

प्लग काढताना पाना तिरका झाला असेल तर पांढऱ्या चिनीमातीला केसासारखी तडा जाते. ती डोळ्याला दिसत नाही. बोटाने पुसल्यावर काळी उभी रेघ उरली तर तिथून करंट उतरतोय. हा प्लग फेकायचा, साफ करायचा नाही. घट्ट किती करायचा? हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यामुळे हाताने पूर्ण बसेपर्यंत, मग नवा वॉशर दाबला जाईपर्यंत अर्धा ते पाऊण आटा. टॉर्क पाना असेल तर २५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

वायरी ओढून काढल्या असतील (कॅप धरून काढायच्या असतात, वायर धरून नाही) तर आतला कार्बनचा दोरा तुटतो आणि बाहेरून वायर नवीकोरी दिसते. मीटरवर ओहम बघा. काही हजार ओहम यायला हवेत, अनंत दाखवलं तर वायर गेली. रात्री दिवा बंद करून बॉनेट उघडा आणि इंजिन चालू ठेवा. निळ्या ठिणग्या उड्या मारताना दिसल्या तर उत्तर मिळालं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात ही परीक्षा कोरड्या दिवशी पास होते आणि ओल्या सकाळी नापास, म्हणून प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मारून बघा. कॅप काढून आत बघा: मधला कार्बन स्प्रिंगवर हलतोय का, भिंतीवर झाडाच्या मुळांसारखी काळी रेघ आहे का.

आता पॉइंट. गॅप ०.४ ते ०.५ मिमी, पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर असताना मोजायचा. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंज येऊ नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो; तो पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कोऱ्या पुठ्ठ्याने पुसला नाही तर जळून कार्बन बसतो. टाचेखाली, कॅमवर, तांदळाएवढं ग्रीस हवं. ते नसलं तर टाच पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे पडत जातं. "ट्यूनिंग केल्यावर दोन दिवस छान चालली, मग बिघडली" अशी तक्रार असेल तर सरळ इथे यायचं.

गॅप तिन्ही टोकांवर मोजा. एका टोकावर ०.४५ आणि दुसऱ्यावर ०.३५ आला तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजलाय. रोटर बाजूला ढकलून बघा, खेळ हाताला लागतो. अशा डिस्ट्रिब्युटरमध्ये सोन्याचे पॉइंट बसवले तरी आयडल सरळ होणार नाही, कारण प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं पडतं. बुश भरून मिळतो किंवा पूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलावा लागतो.

कंडेन्सरची वायर पॉइंटच्या स्क्रूखाली बसवताना तिचा इन्सुलेटिंग वॉशर चुकीच्या बाजूला गेला, तर अर्धवट शॉर्ट होतो. कंडेन्सर ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा असतो; स्वस्तातल्या नव्यांमध्ये कमजोर निघण्याचं प्रमाण नजरेत भरण्याइतकं आहे. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून, कॉइलकडून येणारी हाय टेन्शनची मधली वायर इंजिनला टेकवून, दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा: पॉइंटवर बारीक निळी टिकली ठीक, पांढरी-पिवळी जाड ठिणगी दिसली तर कंडेन्सर बदला. जुना ठेवला असेल तर तोच परत लावा. मी तर म्हणेन, ट्यूनिंगमध्ये काढलेलं सगळं जुनं सामान महिनाभर डिकीत ठेवावं, तपासणीला त्यासारखं काही नाही.

टायमिंग नेहमी गॅपनंतर. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं. कमी झाला की मागे. उलट्या क्रमाने काम केलं तर दोन्ही चुकतात. क्लचच्या घरावर रबरी बूच असलेली छोटी खिडकी आहे, त्यातून फ्लायव्हीलच्या खुणा दिसतात. ९०० आरपीएमच्या आत, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) १० अंश आधी. टायमिंग लाइट नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि अर्थला जोडा, इग्निशन चालू ठेवा, क्रँक चालण्याच्या दिशेने हळू फिरवा. बल्ब पेटेल तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. त्या क्षणी खूण जागेवर हवी. इग्निशन चालू आणि इंजिन बंद अशी अवस्था फार वेळ ठेवू नका, कॉइल तापते. आणि लाइटने तपासताना व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी (इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारी) काढून बोटाने बंद करा.

ती नळी तोंडाने ओढून बघा. आतली पॉइंटची प्लेट हलली पाहिजे आणि जिभेने टोक बंद केल्यावर जागेवर थांबली पाहिजे. लगेच परत आली तर डायफ्रॅम फाटलाय.

जादा हवा

तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय इथे आहे. आयडलला थ्रॉटलची (आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी) पाकळी जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन ओढत असलेली हवा अगदी थोडी असते. त्यात एका नळीएवढी वाट उघडी राहिली तर मिश्रण पातळ होऊन पेटेनासं होतं. वेगात तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य ठरते, म्हणून ५०-६० ला गाडी शहाण्यासारखी वागते.

कार्ब्युरेटर काढून परत बसवला की दोन जागा हमखास बिघडतात. पहिली, त्याच्या बुडाखालचा काळा इन्सुलेटर आणि दोन बाजूंची पॅकिंग. जुनंच पॅकिंग परत वापरलं, किंवा नट एका बाजूने आवळत नेले, की बूड वाकतं. नट तिरक्या जोडीने, थोडं थोडं आवळायचे. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही, वाढते. वाकलंय का ते सरळ पट्टी आणि ०.०५ च्या फीलरने कळतं; काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून घासलं की सपाट होतं. दुसरी जागा म्हणजे नळ्या. एअर फिल्टरचा डबा काढताना पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढणारी) जाड नळी आणि दोन-तीन बारीक व्हॅक्यूम नळ्या सुटतात, आणि तीस वर्षांच्या नळीला वळणावर भेग पडते जी फक्त खालून दिसते. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत ब्रेकची नळीही या यादीत.

शोधायची पद्धत: इंजिन आयडलला ठेवून प्रत्येक नळी चपट्या पकडीने चिमटा. जी चिमटल्यावर आवाज सुधारला, तिच्या पलीकडे गळती आहे. मग कार्ब्युरेटरच्या बुडाभोवती आणि मॅनिफोल्डच्या जोडावर फुलझाडांच्या फवाऱ्याने थोडं साबणाचं पाणी मारा. गळतीच्या जागी पाणी आत ओढलं जातं, क्षणभर गळती बुजते आणि इंजिनचा सूर बदलतो. डिस्ट्रिब्युटर मात्र भिजवू नका. बरेच जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम एक्झॉस्ट आणि उघडे पॉइंट शेजारी असताना हे करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नये.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर काम सोपं होतं. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २० इंच दाखवतं; दर हजार फुटांना एक इंच वजा करा. पुणे साधारण १८५० फुटांवर आहे, तेव्हा तिथे १५-१६ ला घाबरायचं कारण नाही, महाबळेश्वरला त्याहून दोन-तीन कमी. काटा स्थिर पण बराच खाली: हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. (टायमिंग बेल्टही बदलला असेल तर एक दात चुकल्यानेही असाच काटा येतो.) ठरावीक ठेक्यात टिचकी मारतो: एक व्हॉल्व्ह नीट मिटत नाही.

कार्ब्युरेटर, आणि तो न ऐकणारा स्क्रू

मिक्स्चरचा स्क्रू फक्त आयडलच्या छिद्रातून जाणाऱ्या मिश्रणावर ताबा ठेवतो. स्लोचा स्क्रू फिरवून थ्रॉटल जास्त उघडलं की पाकळीची कड वरच्या छोट्या छिद्रांच्या पुढे जाते, आणि इंजिन त्या छिद्रांतून पेट्रोल घ्यायला लागतं. मग मिक्स्चरचा स्क्रू कितीही फिरवा, इंजिनला त्याची गरजच उरलेली नाही. शिवाय थ्रॉटल तेवढं उघडलं की व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या छिद्रालाही ओढ लागते आणि आयडललाच टायमिंग पुढे सरकतं, त्यामुळे आरपीएम आणखी चढतो. गॅरेजमध्ये स्लो वाढवून दोष झाकला गेला आणि शोधणं मात्र अवघड झालं.

खात्री करायला या कार्ब्युरेटरमध्ये सोपी सोय आहे. त्याला एक छोटा सोलेनॉइड असतो, एका वायरचा, चावी बंद केल्यावर स्लो सर्किटचं पेट्रोल तोडणारा. इंजिन बंद, चावी चालू, त्याची वायर काढा-लावा: टक् आवाज आला पाहिजे. आवाज नाही तर वायरला १२ व्होल्ट येतात का बघा; साफसफाईनंतर ही वायर लावायची राहणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि ती नसली तर गाडी वेगात उत्तम चालते व आयडलला टिकत नाही, नेमकी तुमची तक्रार. टक् आवाज येत असेल तर इंजिन आयडलला ठेवून वायर काढा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं, तर ते आयडल सर्किटवर चालतच नाही. थ्रॉटल जास्त उघडं आहे किंवा मेन नोझलमधून पेट्रोल ठिबकतंय. काही गॅरेजवाले सोलेनॉइडच्या आतली सुई काढून टाकतात. तशा गाडीत ही चाचणी लागू नाही, आणि चावी काढल्यावरही इंजिन गचके देत राहतं.

नोझलचं ठिबकणं फिल्टरचा डबा काढून, टॉर्च मारून वरून दिसतं. आयडलला मधल्या नळीतून थेंब पडता कामा नये. पडत असेल तर कार्ब्युरेटरच्या काचेत पेट्रोलची पातळी बघा, ती मधल्या खुणेपाशी हवी. वर असेल तर नीडल व्हॉल्व्हखाली कचरा आहे किंवा फ्लोटची पट्टी साफ करताना वाकली.

स्लो जेट तुंबलाय अशी शंका असेल तर तो काढून उजेडासमोर धरा आणि क्लीनर व हवेच्या दाबाने साफ करा. तार घालू नका. पितळेचं छिद्र शतांश मिलिमीटरमध्ये मोजलेलं असतं आणि तारेने ते कायमचं मोठं होतं. किटमधलं पॅकिंग जुन्यावर ठेवून बघा, एखादं छिद्र बुजत नाही ना. एकाच किटमध्ये दोन प्रकारची पॅकिंग येतात. मिक्स्चरचा स्क्रूही बाहेर काढून बघा: टोकावर गोल खाच पडली असेल तर कुणीतरी तो जोराने आवळला होता. तो बदलायचाच, शिवाय त्याची स्प्रिंग आणि रबरी रिंग जागेवर हवी.

टॅपेट

थंड इंजिनवर ०.१५ मिमीच्या आसपास, गरमवर ०.२५ च्या आसपास. तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. या इंजिनात गरम झाल्यावर गॅप वाढतो. घाईत गरम इंजिनवर थंडीचा आकडा लावला की सकाळी गॅप जवळजवळ उरत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आणि गाडी सकाळी जास्त थरथरून गरम झाल्यावर थोडी सुधारते. तुमची तक्रार उलटी आहे, त्यामुळे सगळेच टॅपेट असे चुकले असण्याची शक्यता कमी. एखादा फारच घट्ट राहिला असेल तर मात्र तो गरममध्येही त्रास देईल, आणि कॅप काढण्याच्या चाचणीत तेच सिलिंडर सापडेल. टॅपेटचा अजिबात आवाज नाही म्हणून खूश होऊ नका. थोडी टिकटिक करणारा टॅपेट व्हॉल्व्ह जाळत नाही.

रात्रभर उभ्या गाडीवर तपासा. प्रत्येक सिलिंडर त्याच्या स्वतःच्या कॉम्प्रेशन टीडीसीवर आणून दोन्ही व्हॉल्व्ह मोजायचे, मग क्रँक २४० अंश फिरवून पुढचं, १-३-२ याच क्रमाने. रोटर त्या त्या वायरीकडे तोंड करून असतो, त्यावरून चुकत नाही. लॉकनट आवळल्यावर गॅप परत मोजा, आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

सेटिंगचा क्रम

थंडीत टॅपेट. मग प्लग, पॉइंट गॅप, टायमिंग. मग हवेची गळती. हे सगळं झाल्यावरच कार्ब्युरेटर.

इंजिन पूर्ण गरम, चोकची मूठ आत आणि पाकळी खरोखर उभी (केबल जरा ताठ लागली तर ती अर्धवट मिटलेली राहते), एसी-दिवे-पंखा बंद, एअर फिल्टर बसवलेला. उघड्या कार्ब्युरेटरवर केलेलं सेटिंग डबा लावल्यावर बदलतं. इंजिन बंद करून मिक्स्चरचा स्क्रू हलक्या बोटांनी आत टेकवा आणि दोन ते अडीच आटे बाहेर काढा. स्लोचा स्क्रू मागे घेऊन इंजिन जेमतेम चालेल असं ठेवा. आता मिक्स्चर पाव-पाव आटा फिरवत सगळ्यात जास्त आरपीएम येतो ती जागा शोधा, दर वेळी इंजिनला पाच-दहा सेकंद स्थिर होऊ द्या. आरपीएम ९०० च्या वर गेला तर स्लोने खाली आणा आणि मिक्स्चर पुन्हा शोधा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही स्क्रू एकमेकांशी जुळतात. शेवटी मिक्स्चर आत घेत आरपीएम जरासा उतरेपर्यंत या आणि स्लोने ९०० करा. हेडलाइट लावून बघा, थोडं उतरणं चालेल, थरथर नाही. मग पीयूसीच्या यंत्रावर आकडे.

स्क्रू साडेतीन-चार आटे बाहेर काढावा लागत असेल तर थांबा. कुठेतरी हवा अजून शिरतेय किंवा स्लो जेट अर्धा बुजलेला आहे.

एक नवीन कारण जुन्या पुस्तकांत सापडणार नाही. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून पेट्रोल वाढवून घेते. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, म्हणून १९९४ चे जेट आज सुमारे आठ टक्के पातळ मिश्रण देतात. आधीच काठावर असलेलं आयडल त्याने बिघडतं, आणि मिक्स्चरचा स्क्रू पुस्तकातल्यापेक्षा थोडा जास्त बाहेर लागला तर ते साहजिक आहे. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतो आणि जुनी रबरं फुगवतो. म्हणून कार्ब्युरेटर साफ करून पंधरा दिवसांत पुन्हा तुंबला तर दोष साफ करणाऱ्याचा नसेल. पेट्रोल फिल्टर बदला, टाकीतला गाळ काढा आणि पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला.

एवढं सगळं करूनही तेच एक सिलिंडर मेलेलं राहिलं तरच कॉम्प्रेशन बघा: इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची मधली वायर काढून अर्थ केलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तिघांत दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेला कागद अधूनमधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा संशय आणखी पक्का होतो.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने हात घालेन: सोलेनॉइडची वायर, नळ्या चिमटणं, कार्ब्युरेटरच्या बुडाचं पॅकिंग, मग पॉइंट गॅप. पहिल्या दोन गोष्टींना हत्यार म्हणून एक पकड पुरते आणि वेळ दहा मिनिटं. आणि गाडी नीट झाली तरी ५०० किलोमीटरनंतर पॉइंटचा गॅप पुन्हा मोजा. नवी टाच कॅमवर बसताना तो थोडा मिटतोच, आणि त्याच्यामागोमाग टायमिंगही तपासावं लागतं.